धागा: एक नंबर, एकच माणूस – फूटीची (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची) ऑल टाइम टीम जंपरच्या (जर्सीच्या) नंबरवरून

पॉइंटकुककर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, पण निमित्त मिळत नव्हतं ते आता लेकीनं दिलं. तिला या सीझनला अंडर-टेनच्या टीममध्ये २९ नंबरचा जंपर मिळाला आणि तिनं घरी येऊन पहिला प्रश्न विचारला, बाबा हा नंबर कुणाचा? मी म्हटलं विचारून सांगतो. शेजारचे आजोबा जन्मापासून रिचमंड क्लबवाले, ते एका सेकंदात म्हणाले केव्हिन बार्टलेट. तिचा कोच नॉर्थ मेलबर्नचा, तो म्हणाला ब्रेंट हार्वी, दुसरं नाव घेऊ पण नकोस. टीममधल्या एका मुलाचे वडील जीलाँगचे, त्यांच्या मते धाकटा गॅरी ॲब्लेट. आणि ऑफिसात पर्थहून आलेली एक मैत्रीण आहे ती तर डोळे मोठे करून म्हणाली फ्रीमँटलचा पॅव्हलिच, अजून कोण? चार माणसं, चार उत्तरं, आणि चौघंही शंभर टक्के खरी. त्या रात्री मला झोप नाही लागली, वही घेऊन बसलो.

तर खेळ असा आहे. मैदानात १८ आणि बेंचवर ४, अशी २२ जणांची कायमची सर्वोत्तम टीम करायची. एक नंबर एकदाच वापरायचा. खेळाडू ज्या नंबरनं ओळखला जातो तोच धरायचा, दोन वर्षं कुठंतरी दुसरा घातला होता म्हणून सोयीनं तो लावायचा नाही. आणि प्रत्येकाला तो खरंच खेळलाय अशाच जागी उभं करायचं, सहा फुल फॉरवर्ड (गोलसमोरचे) घेऊन टीम होत नाही. व्हीएफएलमध्ये (आताच्या एएफएल लीगचं जुनं नाव) पाठीवर नंबर आले १९१२ साली, ज्या वर्षी मैदानावर विकायचं फूटी रेकॉर्ड हे पत्रक सुरू झालं, म्हणजे लोकांनी छापील यादी बघून माणूस ओळखावा म्हणून, त्यामुळे त्याआधीचे आपोआप बाहेर.

हे वाटतं तितकं सोपं नाही. १९९६ मध्ये एएफएलनं जी शतकाची टीम जाहीर केली ती घ्या. त्यात ३ नंबरवाले तीन आहेत, टेड व्हिटन, डिक रेनॉल्ड्स, ली मॅथ्यूज. ५ नंबरचे दोन, पॉली फार्मर आणि थोरला ॲब्लेट, आणि ते दोघंही जीलाँगचेच! कार्लटनचा २ नंबर घातलेले जॉन निकल्स आणि ग्रेग विल्यम्स पण दोघं आत. म्हणजे खुद्द अधिकृत टीम आपल्या नियमात नापास होते.

माझा पहिला मसुदा देतो, फोडून काढा. फुल बॅक स्टीफन सिल्वाग्नी १, त्याच्या दोन बाजूंना मॅथ्यू स्कार्लेट ३० आणि कोरी एनराइट ४४. हाफ बॅकला अँड्र्यू मॅक्लाउड २३, ग्लेन जाकोविच २७, ब्रूस डूल ११. विंगवर रॉबर्ट फ्लॉवर २ आणि क्रेग ब्रॅडली २१, मध्ये डस्टिन मार्टिन ४. हाफ फॉरवर्ड ॲलेक्स जेसोलेंको २५, वेन कॅरी १८, ॲडम गुड्स ३७. पुढं पीटर डेकॉस ३५, जॉन कोलमन १०, ली मॅथ्यूज ३. रकमध्ये (उडी मारून बॉल मिळवणाऱ्या उंच माणसाची जागा) फार्मर ५, त्याच्याबरोबर रॉन बरासी ३१ आणि बॉब स्किल्टन १४. बेंचवर जॅक डायर १७, ल्यूक हॉज १५, मायकल लाँग १३, आणि चौथी जागा २९ ची. ती मी कोरी ठेवलीय. ती तुम्ही भरायची.

जीलाँगवाली

दादा, धागा फार आवडला पण ५ नंबरला थोरला ॲब्लेट नाही हे मी वाचलं आणि चहा खाली ठेवला. अहो १९८९ ची ग्रँड फायनल बघा परत, नऊ गोल एकट्यानं, हॉथॉर्नसारख्या टीमसमोर, आणि आम्ही सहा पॉइंटनी हरलो तरी नॉर्म स्मिथ मेडल, ग्रँड फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं, त्यालाच द्यावं लागलं. ग्रँड फायनलमध्ये नऊ गोल म्हणजे गॉर्डन कव्हेंट्रीनं १९२८ मध्ये केलेल्या विक्रमाची बरोबरी. एकूण हजारावर गोल. जीलाँगमध्ये आजही म्हातारी माणसं ५ नंबर म्हटलं की नाव घेत नाहीत, नुसतं वर बघतात.

पर्थकर

ताई, मान्य आहे ॲब्लेट मोठा, पण फार्मरला हलवायचं म्हणजे घराची तुळई काढून खिडकी बसवायची. पॉली फार्मरनं खेळच बदलला. त्याच्या आधी हँडबॉल (मुठीनं मारून दिलेला पास) म्हणजे अडकल्यावर सुटकेचा मार्ग, यानं तो हल्ल्याचा मार्ग केला. रकमध्ये उडी मारून बॉल हातात घ्यायचा आणि जमिनीवर यायच्या आत पळत सुटलेल्या माणसाच्या छातीवर द्यायचा. सराव म्हणून गाडीच्या उघड्या खिडकीतून बॉल आरपार मारायचा. जीलाँगला १९६३ ची प्रीमियरशिप (लीगचं विजेतेपद) मिळाली त्यात तो होता, आणि त्याचं अर्धं आयुष्य तर इथं पर्थमध्ये खेळण्यात गेलं. नूंगार आदिवासी माणूस, अनाथाश्रमात वाढलेला. २००५ मध्ये इंडिजिनस टीम ऑफ द सेंच्युरी निवडली तिचा कॅप्टन तोच. मी रोज ऑफिसला जातो तो रस्ता त्याच्या नावाचा आहे, ग्रॅहम फार्मर फ्रीवे. ५ नंबर त्याचाच.

पॉइंटकुककर

तुम्ही दोघांनी मला पेचात टाकलंय. हिर्ड आणि बकलीची माणसं अजून यायचीत, ख्रिस जड कार्लटनला आल्यावर ५ घालायचा, सॅम मिचेल ५, टेरी डॅनिहर ५. हा नंबर म्हणजे टीमच्या आत एक टीम आहे.

नवखा

वाचतोय, मजा येतेय. मी मेलबर्नला येऊन आठच महिने झालेत. एक बेसिक प्रश्न. सॉकरमध्ये पूर्वी १ म्हणजे गोलकीपर, ९ म्हणजे स्ट्रायकर असं असायचं, तसं इथं नंबरचं जागेशी काही नातं आहे का? आणि ३५, ३७, ४४ असे मोठे नंबर एवढ्या मोठ्या खेळाडूंना का?

जुना_डेमन

नवखा, चांगला प्रश्न. जागेशी काही नातं नाही. नंबर क्लब देतो, आणि बहुतेक वेळा नवीन पोराला मोठा नंबर मिळतो, चाळिशीच्या आसपासचा. मग कुणी रिटायर झालं की त्याचा लहान नंबर मोकळा होतो आणि तो एखाद्याला बोलावून दिला जातो, तो एक मान असतो. जेम्स हिर्डनं सुरुवात ४९ वर केली, ५ नंतर मिळाला. डस्टिन मार्टिन आधी ३६ होता मग ४. आमचा मेलबर्न क्लबचा मॅक्स गॉन ३७ वरून ११ वर आला. बऱ्याच क्लबांत लॉकरच्या दारावर त्या नंबरनं आधी खेळलेल्यांची नावं लिहिलेली असतात, एकाखाली एक, नव्या पोरानं रोज दार उघडताना ती वाचायची. आपल्याकडे देवघराच्या भिंतीवर आजोबा पणजोबांचे फोटो असतात ना, तसं म्हणा.

पण काही जण मोठा नंबर सोडत नाहीत, तोच मोठा करतात. गुड्सनं ३७ कधी सोडला नाही, दोन ब्राउनलो (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल) आणि ३७२ मॅचेस त्यातच. पीटर डेकॉसनं ३५ चं सोनं केलं.

आणि ३१ बद्दल मला बोलायचंच आहे. मी इथं १९८४ ला आलो, माझ्या पहिल्या मॅनेजरनं मला एमसीजीवर नेलं, ते मेंबर होते, त्यांनी मॅच सुरू व्हायच्या आधी मला ३१ ची गोष्ट सांगितली. रॉन बरासी थोरला, म्हणजे वडील, मेलबर्नकडून ३१ नंबर घालून खेळायचे, १९४० च्या प्रीमियरशिपमध्ये होते. पुढच्या वर्षी युद्धावर टोब्रुकला गेले आणि जुलै १९४१ मध्ये तिथंच मारले गेले. पोरगा पाच वर्षांचा. तो मोठा झाला तेव्हा मेलबर्न क्लबला तो हवाच होता, आणि मुलानं वडिलांच्या क्लबकडून खेळावं ही जी फादर-सन रूलची कल्पना आहे तिची सुरुवात या पोरासाठी झालेल्या धडपडीतून झाली. त्यानं अंगावर घेतला तो ३१ च. सहा प्रीमियरशिप खेळाडू म्हणून. १९६५ ला कार्लटनला गेला, सगळं मेलबर्न रडलं, पण तिथंही त्यानं ३१ च मागून घेतला. २०२३ मध्ये गेले ते. त्यामुळे फ्लेचरच्या ४०० मॅचेस ३१ मध्ये झाल्यात हे माहीत असूनही सांगतो, या नंबरवर चर्चा नको.

एसेंडनचा_भाचा

काका, डस्टिन फ्लेचर माझा हीरो, पण तुमची पोस्ट वाचून ३१ वर मी एक शब्द बोलणार नाही. कोलमन १० ला आहे त्यातच समाधान मानतो. पहिल्याच मॅचमध्ये बारा गोल, १९४९. ९८ मॅचेसमध्ये ५३७ गोल आणि पंचविशीत गुडघा गेला, संपलं. लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करणाऱ्याला दरवर्षी मिळणारं मेडल त्याच्या नावाचं. तो अजून दहा वर्षं खेळला असता तर हे नंबरांचे वाद सगळे वेगळे झाले असते असं मला नेहमी वाटतं.

कोल्हापुरी_मॅगपाय

१० वर पेंडलबरी हवा असं मी म्हणणार होतो, बास्केटबॉल सोडून आलेला पोरगा, बॉल हातात आला की घड्याळ थांबतं त्याच्यासाठी, २०१० च्या रिप्लेमध्ये (ग्रँड फायनल बरोबरीत सुटून परत खेळली तेव्हा) नॉर्म स्मिथ. पण कोलमनसमोर मागं घेतो.

मला ४२ वर बोलायचंय. ४२ या टीममध्ये येणार नाही, पण आल्याशिवाय धागा पुरा होत नाही. डॅरेन मिलेन. १९९० मध्ये कॉलिंगवूडनं ३२ वर्षांनी प्रीमियरशिप जिंकली, तेव्हा हा माणूस मोडलेला अंगठा घेऊन फायनल्स खेळला, शेवटचा भोंगा वाजला तेव्हा बॉल याच्याच हातात होता, आणि त्यानं तो आकाशात फेकला. एका वर्षानं कार अपघातात गेला, २६ व्या वर्षी. क्लबनं ४२ बंद केला. कुणाला देत नाहीत.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शाहू स्टेडियमवर तालमी-तालमींची झुंज, आणि माणूस कुठल्या पेठेत जन्मला त्यावरून त्याची टीम ठरलेली. इथं आल्यावर पहिल्यांदा कॉलिंगवूड आणि कार्लटन ऐकलं आणि नकाशावर बघितलं तर मध्ये फक्त एक फिट्झरॉय, नाहीतर लगतची उपनगरं, मला काही समजवायची गरजच पडली नाही, आतून कळलं. जंपरवरच्या नंबरचं पण तसंच. तो खेळाडूचा नसतोच, पेठेचा असतो.

नवखा

हे वाचून सचिनचा १० आठवला. २०१७ मध्ये शार्दुल ठाकूर, आपला पालघरचा, श्रीलंकेत पहिल्या वनडेला १० घालून आला तर लोक किती चिडले होते, नंतर त्यानं ५४ घेतला आणि बोर्डानं १० कुणाला दिलाच नाही. मला तेव्हा बरोबर वाटलं होतं. आता जुना_डेमन काकांचं लॉकरचं वाचून वाटतंय की कुणीतरी घालायला हवा होता का.

जुना_डेमन

माझं मत, घालायला हवा. मिलेनसारखं अकाली गेलेलं माणूस असेल तर बंद ठेवणं समजू शकतो, तिथं दुःख आहे. पण जो पूर्ण खेळून गेला त्याचा नंबर पुढच्या पोराच्या पाठीवरच जिवंत राहतो. जिम स्टाइन्सचा ११ बघा. डब्लिनहून गेलिक फुटबॉल खेळणारा पोरगा आला, १९८७ च्या प्रिलिमिनरी फायनलला (ग्रँड फायनलच्या आधीची मॅच) मार्कवरून, म्हणजे किक मारणाऱ्याच्या समोरून, पळत आडवा गेला, पंधरा मीटरची पेनल्टी, हॉथॉर्नच्या बकनारानं भोंग्यानंतर गोल मारला आणि आम्ही ग्रँड फायनलच्या दारातून परत आलो. त्या रात्री मी पण मैदानातून चालत घरी गेलो होतो, बोलवत नव्हतं कुणाशी. तोच स्टाइन्स चार वर्षांनी ब्राउनलो जिंकला, सलग २४४ मॅचेस खेळला, मुलांसाठी एवढं काम उभं केलं, आणि २०१२ मध्ये कॅन्सरनं गेला. आज गॉन ११ घालून रकमध्ये उभा राहतो तेव्हा माझ्या पिढीला दोन माणसं दिसतात. बंद ठेवला असता तर कपाटात एकच दिसला असता. २०२१ ला ५७ वर्षांनी कप आला तो ११ नंबरच्या कॅप्टननंच उचलला.

तरी डूलला ११ वर ठेवा, मी हट्ट करणार नाही. चार प्रीमियरशिप आहेत त्याच्या आणि तो माणूस कधी कुणाशी वर मान करून बोलला नाही, तसाच खेळला.

ॲडलेडहून

लॉकरचा विषय निघालाय तर आमच्या शहरातल्या पोर्टचा १ नंबर सांगते. पोर्ट ॲडलेडमध्ये १ नंबर कॅप्टनचाच असतो, एसएएनएफएलच्या (साउथ ऑस्ट्रेलियाच्या लीगच्या) दिवसांपासून. ट्रेड्रिया १६ नंबरचा, कॅप्टन झाल्यावर १ घातला, बोकचं तसंच. २०१९ मध्ये दोन कॅप्टन केले आणि दोघांनीही १ घातला नाही, शहरात एवढी नाराजी झाली की पुढच्या वर्षी परत एकच कॅप्टन आणि परत १. मला पोर्ट आवडत नाही, मी क्रोजची, म्हणजे ॲडलेडच्या दुसऱ्या क्लबची, पण ही प्रथा मला फार आवडते. म्हणून १ नंबर एका माणसाला देणं मला जड जातं. सिल्वाग्नी ठीक, कारण तिथंही तो एकट्याचा नाही, आजोबा सर्जिओ, बाप स्टीफन, नातू जॅक, तिघांनी कार्लटनचा १ घातला.

मॅक्लाउड २३ ला घेतलात त्याबद्दल धन्यवाद, ९७ आणि ९८ सलग दोन नॉर्म स्मिथ. पण १३ वर माझा आक्षेप आहे. एरिन फिलिप्स १३ नंबर. २०१९ ची एएफएलडब्ल्यू (महिलांची एएफएल) ग्रँड फायनल, ॲडलेड ओव्हलवर ५३,०३४ माणसं, मी पण होते, आईला घेऊन गेले होते भारतातून आलेली. गुडघा गेला, मैदानातून उचलून नेलं, आणि तरी बेस्ट ऑन ग्राउंड तीच. तीन प्रीमियरशिप. तिचे वडील ग्रेग फिलिप्स पोर्टचे मोठे खेळाडू, मुलगी असल्यामुळे तेरा चौदाव्या वर्षी तिला फूटी सोडावी लागली, बास्केटबॉल खेळून ऑलिंपिक मेडल आणलं, आणि तिशीत परत येऊन हे केलं. तुमची लेक अंडर-टेनमध्ये खेळतेय ना दादा, मग यादीत एकही बाई नाही हे तिला कसं सांगणार?

पॉइंटकुककर

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न बरोबर लागलाय. खरं सांगतो, मी १९१२ पासूनच्या याद्या बघत बसलो आणि तिकडं लक्षच गेलं नाही, चूक माझी. पण लाँगला काढताना हात थरथरतो. टिवी बेटांशी नातं असलेला डार्विनचा पोरगा, १९९३ चं नॉर्म स्मिथ, मैदानात झालेल्या वंशभेदी शिव्यांवर ठाम उभा राहिला आणि लीगला नियम करायला लावला, आणि २००४ मध्ये मेलबर्नहून कॅनबेराच्या दिशेनं पायी निघाला पंतप्रधानांना भेटायला. मला दोन दिवस द्या.

टायगर_ताई

मी उशिरा आले पण १७ आणि २९ दोन्ही आमचे आहेत म्हणून बोलणार. १७ ला डायरच, कॅप्टन ब्लड, ३१२ मॅचेस. रिचमंडमध्ये १७ नंतर कॅप्टनला द्यायची प्रथा पडली, कॉचिननं मात्र ९ सोडला नाही. मधल्या काळात मॉरिस रिओलीनं घातला, १९८२ ला हरलेल्या टीममधून नॉर्म स्मिथ जिंकला, आणि आता त्याच घरातला डॅनियल रिओली १७ घालून आमच्यासाठी खेळून गेला.

ग्लेनफेरी_रोड

ताई, १७ वर हॉथॉर्नचा मायकल टक आहे. ४२६ मॅचेस, सात प्रीमियरशिप, एवढ्या प्रीमियरशिप कुणाच्याच नाहीत. आणि २३ वर आमचं दुःख वेगळंच, डॉन स्कॉट, मग ब्रेरेटन, मग फ्रँकलिन, तिघंही हॉथॉर्नचे २३. बडीनं, म्हणजे फ्रँकलिननं, सिडनीला जाऊन सुद्धा २३ च ठेवला, २०२२ मध्ये हजारावा गोल मारला तेव्हा एससीजीवर सगळं पब्लिक मैदानात उतरलं, मी टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवत होतो, माझी टीम सोडून गेलेल्या माणसासाठी. पण बॅकलाइन मॅक्लाउडशिवाय उभी राहत नाही हे समजतंय. त्यामुळे २३ सोडतो, १७ सोडणार नाही. डायर दंतकथा आहे, मान्य, पण सात म्हणजे सात.

जुना_डेमन

एक सांगू का, ३ नंबरवर कुणीच वाद घातला नाही याचं मला आश्चर्य वाटतंय. मॅथ्यूज खेळाडू म्हणून वर असेल, बहुतेक सगळे जाणकार तसंच म्हणतील. पण ३ नंबर म्हटलं की मला टेड व्हिटन दिसतात. जून १९९५, स्टेट ऑफ ओरिजिनची, म्हणजे राज्याराज्यांमधली, मॅच, एमसीजी. कॅन्सरनं दृष्टी गेलेली, उघड्या गाडीतून त्यांना मैदानाभोवती फिरवलं, शेजारी मुलगा बसलेला, तो कानात सांगत होता की बघा इकडं लोक उभे आहेत, तिकडं उभे आहेत. अख्खं मैदान रडत होतं. मी घरी टीव्हीवर बघितलं, माझी बायको फूटी कधी बघत नाही, ती स्वयंपाकघरातून पदर डोळ्याला लावून आली. दोन महिन्यांनी ते गेले. फुट्सक्रेचा ३, पश्चिम उपनगरांचा माणूस, तुम्ही आज जिथं राहता त्या बाजूचा.

पॉइंटकुककर

काका, तुम्ही माझी दोन दिवसांची मेहनत एका पोस्टमध्ये पालथी घातलीत.

बरं, आता ऐका, सगळं परत मांडून बसलो होतो काल रात्री. आधी एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती सांगतो. मी सुरुवातीला धरून चाललो होतो की प्रत्येक नंबरचा एक मालक असतो आणि तो शोधायचा. तसं नाहीये. या खेळात नुसता २९ असं काही नसतंच. पिवळ्या काळ्या पट्ट्याचा २९ असतो, निळ्या पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा २९ असतो, निळ्या पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा असतो, फ्रीमँटलचा जांभळा असतो. म्हणून त्या चौघांनी लेकीला चार उत्तरं दिली आणि कुणीच चुकलं नाही. तेव्हा टीम निवडताना मी आता कोण मोठा हे दुसऱ्या नंबरला ठेवलंय, आणि पहिल्या नंबरला हे, की तो नंबर त्या क्लबात त्या माणसामुळे वेगळा झाला का.

५ ला थोरला ॲब्लेट. पर्थकर, माफ करा, पण रकला मला दुसरा चांगला माणूस मिळतो, एसेंडनचा सायमन मॅडन २७, ३७८ मॅचेस आणि पुढं जाऊन पाचशेच्या वर गोल, हाफ फॉरवर्डला दुसरा ॲब्लेट मिळत नाही. त्यामुळे २७ चा जाकोविच पण गेला, म्हणजे एका दिवसात पर्थचे दोघं गेले, हे मला माहीत आहे. डूल मध्ये सरकला आणि हॉज बेंचवरून हाफ बॅक फ्लँकला आला. गुड्स बेंचवर, तिथं तो सगळ्यात उपयोगी, रक पण करेल, पुढं पण खेळेल, मागं पण. १७ ला टक. टायगर ताई, डायरसाठी फार वाईट वाटतंय, पण बेंचवर कुठंही खेळू शकणारा माणूस हवा आणि टक ती व्याख्याच आहे. १३ ला एरिन फिलिप्स. लाँगच्या जागी नाही, १३ नंबरच्या जागी. हे लेकीला विचारून नाही केलं, स्वतः केलंय.

३ ला मॅथ्यूजच ठेवलाय. काका, मी ती गाडीची फेरी काल यूट्यूबवर बघितली. पण माझी पुढची पॉकेट (गोलच्या बाजूची जागा) मॅथ्यूजशिवाय रिकामी पडते आणि व्हिटनला मागं ठेवावं तर तिथं डूल आहे. एवढं एकच कारण आहे, दुसरं नाही.

पर्थकर

जाकोविच गेला याचं दुःख फार्मरपेक्षा कमी नाही. कॅरीला एकास एक उभा राहून झुंजणारा तेवढाच एक होता, नव्वदच्या दशकात त्या दोघांच्या कुस्त्या बघायला लोक तिकीट काढायचे. पण कारण पटलं. तरी लिहून ठेवा, हँडबॉल ज्याच्यामुळे आहे तो या टीमच्या बाहेर आहे.

कोल्हापुरी_मॅगपाय

डेकॉसचा ३५ आता पोरगा निक घालतो, आणि खरं सांगू, अजून दहा वर्षांनी हा धागा वर आला तर ३५ वर नाव तेच राहील पण माणूस बदललेला असेल. आणि एक छोटं नाव, टीममध्ये नको, फक्त नोंद म्हणून. टोनी लिबराटोर, बुलडॉग्जचा ३९. साडेपाच फूट सुद्धा उंची नाही, १९९० चं ब्राउनलो. माझ्या मुलाला क्लबात सगळ्यात बुटका म्हणून ३९ दिला तेव्हा मी त्याला याचे व्हिडिओ दाखवले, त्यानं परत कधी नंबर बदलून मागितला नाही.

टायगर_ताई

डायरचं मी गिळते. पण मग २९ मला हवा, आणि कारण देते. धाकट्या ॲब्लेटचा एक ब्राउनलो २९ मधला, दुसरा गोल्ड कोस्टच्या ९ मधला, आणि जीलाँगला परत आला तेव्हा ४ घातला. म्हणजे तुमच्याच नियमानं तो पूर्ण २९ चा नाही. पॅव्हलिच ३५३ मॅचेस, बरोबर ७०० गोल, पण कप नाही. हार्वी ४३२ मॅचेस, त्याला मी नमस्कार करते, तो आणि बार्टलेट एवढाच खरा सामना. आणि बार्टलेट पहिला माणूस होता ज्यानं ४०० गाठल्या, पाच प्रीमियरशिप, १९८० च्या ग्रँड फायनलमध्ये सात गोल आणि नॉर्म स्मिथ, तेव्हा वय ३३. रोव्हर (रकजवळ पडलेला बॉल उचलणारा) म्हणून, एवढ्याशा शरीरानं, खाली वाकून बॉल काढत एकोणीस सीझन. बाकी तिघांनी २९ घातला तेव्हा तो आधीच मोठा नंबर होता. बार्टलेटनं घातला तेव्हा तो नुसता एक नंबर होता.

जीलाँगवाली

ताई, हे शेवटचं वाक्य वाचून माझा विरोध संपला. बार्टलेट.

पॉइंटकुककर

बार्टलेट २९. टीम पूर्ण झाली.

लेकीला सकाळी सांगितलं, केव्हिन बार्टलेट, आणि मग बाकी तिघांची पण नावं सांगितली, प्रत्येकाचा एकेक व्हिडिओ दाखवला. तिनं चौघांचे बघितले, मग विचारलं की आधी आमच्या क्लबात हा जंपर कुणी घातला होता? मला माहीत नव्हतं. शनिवारी मॅनेजरला विचारलं तर ती म्हणाली मागच्या सीझनला एक मुलगी होती, आता अंडर-ट्वेल्व्हमध्ये गेली, ती बघा तिकडं वॉर्म-अप करतेय. लेक पळत गेली तिच्याकडं. काय बोलल्या दोघी ते मला कळलं नाही, लांब होतो.

ॲडलेडहून

दादा, त्या दुसऱ्या मुलीचा आताचा नंबर कुठला आहे ते बघून सांगा नक्की.

पॉइंटकुककर

१३.